बिनखिडकीची गाडी

या मायबापांनो, जरा पुढं सरकून बसा. गोष्ट संतापाची आहे, पण देवळाच्या वाटेवरची आहे.

“परवाना नाही म्हणजे नाही!” मोटारखात्याच्या साहेबांनी गाडीच्या पत्र्यावर काठी आपटली. पनवेलला तळ्याकाठी ते मोटारी तपासायला आले होते. समोर गव्हाणचा तुळशीराम उभा होता, भातगिरणीतला मिस्त्री. जुन्या फटफटीचं इंजिन, पुढं एक चाक, मागं दोन, वर तेलाच्या डब्यांचा पत्रा. सगळी गाडी त्यानं अंगणात बांधली होती. ब्रेक चोख लागले. भोंगा वाजला. पण मागच्या बैठकीला एकही खिडकी नव्हती.

“खिडकी काप. आत्ता नंबर देतो.”

“खिडकी नाय व्हनार, सायब.”

“मग आत काय नेणार? सुकी मासळी?”

जमलेले लोक खदखदून हसले. तुळशीरामाचं डोकं फिरलं.

“बहीण हाय माझी आत!”

मैनेला महारोग झाला होता. औषधानं तो थांबला, पण पायाची बोटं गेली होती आणि तोंडावर खुणा राहिल्या होत्या. चालवत नव्हतं, आणि एस.टी.तून लोकांनी तिला भर उन्हात खाली उतरवलं होतं. उद्यापासून पनवेलच्या देवळात कीर्तनाचा सप्ताह बसणार होता. तिला कीर्तनाला आणायचं म्हणून ही गाडी. ती कुणाला दिसू नये म्हणून हा पत्रा.

“लोक थुंकतात तिला बघून! तुमची खिडकी तुमच्या बंगल्याला लावा!” तुळशीराम साहेबांच्या अंगावर धावला.

तोच गाडीचं मागचं दार आतून धाडकन उघडलं. मैना दारात बसली होती. तोंडावर पदर नव्हता. हसणारे झटकन मागं सरले.

“सायबावर कशाला वरडतोस, दादा? काप खिडकी.”

“येडी झालीस? समदे बघतील तुला.”

“बघू दे! कीर्तन झाल्यावर बुक्का लावाया हात आत कुठनं येल?”

“तुला कोन लावील गं बुक्का?” तो बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली.

मैनेचा आवाज चढला. “नाय लावला तर पाप त्यांच्या माथी! त्यांनी मला यष्टीतनं उतरवलं. पन तू? कुनी हात पुढं करायच्या आधीच तू दार लावलंस!”

साहेबांनी उगारलेली काठी खाली घेतली. तुळशीरामानं छिन्नी उचलली आणि दात खात पत्रा कापला. गाडीला नंबर मिळाला.

सप्ताहभर गाडी देवळाबाहेर उभी राहिली. कीर्तन सरलं की मैना खिडकीतून कपाळ पुढं करी. बुक्क्याची वाटी मात्र रोज पायरीवरूनच मागं फिरे.

म्हणून सांगतो, मायबापांनो, तुमच्या हाती ती वाटी आली तर पायरीवर थांबू नका. बाहेरपर्यंत जा. मैनेची आठवण ठेवा.