तळाची तारीख

"बाबांना जाऊन वर्ष झालं आणि पान म्हणतंय, शेवटचा बदल आज! चूक आहे ही," मी आईला म्हणालो. ती शेंगा सोलत राहिली.

बाबांच्या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर तळाशी रोज आजचीच तारीख यायची. त्यांचा कोड सर्व्हरला फाइल कधी बदलली हे विचारतच नव्हता. नुसती चालू तारीख छापायचा. मी ती ओळ सुधारली. आता बाबांच्या शेवटच्या नोंदीची तारीख दिसणार, म्हणून मन घट्ट करून पान पुन्हा उघडलं.

आजचीच तारीख. सकाळी सव्वासहा.

मी पान वर सरकवलं. वर्षभरात प्रथमच नोंदी वाचल्या. सर्वांत वर होतं, "उंबरावर तांबट आलाय. तुम्ही असतात तर दुर्बीण मागितली असतीत."

"खाडा करू नकोस, असं बजावून गेलेत," आई म्हणाली.