मयतीची सुट्टी

इंद्रजीतची मावशी मेलेली नव्हती, आणि तात्यासाहेब तिच्या हातचं पाणी पिऊन आले होते.

सोमवारी पहिली पाळी सुरू झाल्याझाल्या त्यांनी इंद्रजीतला केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि दार लावलं. तात्यासाहेब प्रेस विभागाचे सुपरवायझर. वाळूजच्या त्या कारखान्यात माणसं मालकाला भीत नसत एवढी त्यांना भीत. कायम होणाऱ्या कामगारांची यादी याच महिन्यात वर जायची होती, आणि ती त्यांच्याच हातची. इंद्रजीत सहा वर्षं कंत्राटावर घासत होता.

"परवा लग्नाला सोयगावला गेलतो," तात्यासाहेब म्हणाले. "म्हणलं, पोराची मावशी वारली, दारावरून चाललोय तर भेटून जावं. राम राम घातला नाय. डोक्यावर टॉवेल घेऊन ओट्यावर मान खाली घालून बसलो. एक बाई पाणी घेऊन आल्या. त्यांना म्हणलं, चंपाबाईचं ऐकून लई वाईट वाटलं."

इंद्रजीत फरशीकडं बघत राहिला.

"त्या म्हणत्यात, काय ऐकलं हो पाव्हणं? मीच चंपाबाई."

एरवी हा किस्सा कँटीनमध्ये महिनाभर पुरला असता. इंद्रजीतनं केबिनच्या बंद दाराकडं पाहिलं.

चंपाबाई गुरुवारी वारल्या होत्या, म्हणजे सुट्टीच्या अर्जात. खात्याचा रिवाजच तसा होता. आजारपणाच्या सुट्टीला डॉक्टरचा कागद लागे. मयतीला कागद लागत नसे, आणि मयतीला नाही म्हणण्याएवढं दगडाचं काळीज कुणाचं नव्हतं. त्यामुळं त्या कारखान्यात सगळ्यांचेच नातेवाईक जरा लवकर मरत. इंद्रजीतनं दिवाळीपासून सिल्लोडचा एक लांबचा चुलता आणि दोन चुलत आज्या वाटेला लावल्या होत्या. चुलत्यानं तर दुसऱ्याच दिवशी त्याला फोन करून शहरात खत कितीला मिळतं ते विचारलं होतं. लांबची माणसं संपली तेव्हा तो नाइलाजानं मावशीवर आला.

खरं कारण शहागंजात होतं, एका भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर, महिन्यातून एका गुरुवारी. पाटीवर 'मानसोपचार तज्ज्ञ' असं लिहिलेलं होतं आणि कागदावरही तेच छापलेलं. तो कागद तात्यासाहेबांच्या टेबलावर ठेवायचा म्हणजे येडा असा शिक्का आपल्याच हातानं कपाळावर मारून घ्यायचा. येड्याला प्रेस मशीनवर कायम कोण करतो?

पण गेल्या भादव्यात त्याच मशीनसमोर त्याचा श्वास अडकला होता. हात थंडगार पडले होते. काही झालेलं नसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते रोजचंच झालं. जेवण जाईना. सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठवेना. मुक्ताबाईंनी, त्याच्या आईनं, दोनदा मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि पोराला दृष्ट लागली म्हणून सगळ्या गल्लीला सांगितलं. गोळ्या सुरू झाल्यापासून आता कुठं त्याला घास गोड लागत होता. गुरुवार सुटला तर पुन्हा त्याच खड्ड्यात पडायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याची त्याला नोकरी जाण्यापेक्षाही जास्त भीती वाटत होती.

"बोल की," तात्यासाहेब म्हणाले. "बाई हाय का? पत्ते? का दुसऱ्या कंपनीत मुलाखती देतो?"

तिन्ही उत्तरं आयती होती. मुलाखतीचं तर सहज पटलंही असतं. दोन शिव्या खाऊन सुटका झाली असती. इंद्रजीतनं तोंड उघडलं ते तेच सांगायला. पण आणखी एक खोटं रचणं आता त्याच्यानं होईना. कोण मेलंय आणि कोण जिवंत आहे हे लक्षात ठेवून तो पार दमून गेला होता.

"डोक्याच्या डॉक्टरकडं जातो, साहेब," तो म्हणाला. "शहागंजात. मन ठिकाणावर राहत नव्हतं. आता बरंय, औषध चालू हाय. मशीनवर चूक केली नाय कधी."

ही गोष्ट त्यानं आईलाही सांगितली नव्हती. बोलून झाल्यावर त्याला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. बाहेर प्रेस दणादण आदळत होते. कुणीतरी कुणाला तरी पाना मागत होतं.

तात्यासाहेब उठले आणि दार नीट लागलंय का ते पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"तुझ्या मावशीला म्हणलं, दुसरी चंपाबाई असंल, घर चुकलं माझं," ते हळू आवाजात म्हणाले. "तवा तिथं तुझं नाव निघालं नाय. यादीत तुझं नाव हाय, ते राहतंय. पण आता नातेवाईक मारायचे बंद कर."

"व्हय, साहेब."

इंद्रजीत जायला वळला. दाराशी जाऊन घुटमळला. विचारल्याशिवाय भागणार नव्हतं.

"अन् गुरुवारचं कसं करू, साहेब?"

"गुरुवारी तिथं लई गर्दी असती," तात्यासाहेब म्हणाले. "मंगळवारी चल माझ्यासंग. दोघांचा नंबर मीच लावतो."