फोटोपुरती खेळणी

फोटो झाला आणि देणगीदार कंपनीच्या साहेबांच्या माणसांनी खेळण्यांची खोकी परत गोळा करायला सुरुवात केली.

व्यायामवाल्या ताईंना आधी वाटलं, एका बाजूला रचून ठेवत असतील. भाजलेल्या मुलांच्या त्या वॉर्डात जागा तशी कमीच होती. पण पहिली दोन खोकी दाराकडे निघाली तेव्हा त्यांनी उठून विचारलं. कंपनीच्या बाईंनी हळू आवाजात समजावलं, की आज अजून दोन हॉस्पिटलं उरकायची आहेत आणि खोकी हीच आहेत. इथली नंतर येतील, पुढच्या टप्प्यात.

नऊ मुलं, नऊ खोकी. वर चकचकीत कागद आणि लाल फीत. आत काय आहे ते ताईंना ठाऊक होतं, कारण यादी त्यांनीच करून दिली होती: मोठे नटबोल्ट, ओवायचे मणी, खाचेत बसवायचे लाकडी तुकडे.

भाजलेली कातडी सुकताना आखडते. बोटं तळव्याकडे ओढली जातात आणि रोज हलवली नाहीत तर जन्मभर तशीच राहतात. मोठ्या माणसाला हे सांगता येतं. पाच वर्षांच्या पोरीला काय सांगणार? तिला एवढंच कळतं, की ही बाई रोज येते आणि दुखवते. गेलं वर्षभर ताई बाटल्यांची झाकणं, जुनी बटणं आणि कपड्यांचे चिमटे यांवर भागवत होत्या. चिमटा दिसला की मुलं हात पाठीमागे लपवायची. खेळण्याचं तसं नसतं. मणी ओवण्यात पोर एकदा रमलं, की दुखणं विसरतं आणि बोट मात्र आपलं काम शिकत राहतं.

खिडकीजवळच्या खाटेवर चिमणी होती. तिच्या उजव्या हातावर उकळतं पाणी पडलं होतं. सात आठवडे ती सगळं डाव्यानेच करत होती. उजवा हात जणू तिचा नव्हताच. तिने खोकं पोटाशी घट्ट धरलं होतं. माणूस जवळ आला तशी तिची आईच अवघडून म्हणाली, “दे बाळा, काकांना दे. थँक्यू म्हण.”

चिमणीने खोकं दिलं. थँक्यूसुद्धा म्हणाली. रडली नाही. या वॉर्डातल्या मुलांना नाही म्हणायची सवयच राहिलेली नसते.

शेजारच्या खाटेवरच्या, मानेला पट्ट्या बांधलेल्या मुलाने ताईंची ओढणी ओढली आणि दबक्या आवाजात विचारलं, की आपलं काही चुकलं का.

ताईंचं डोकं भणभणलं. त्या तशाच दाराशी गेल्या, त्या माणसाच्या हातातली खोकी काढून घेतली आणि परत खाटांवर ठेवली. मग चिमणीचं खोकं चिमणीला दिलं. मोठे डॉक्टर लगबगीने आले आणि त्यांना बाजूला घेऊन बोलले. हेच लोक ऑपरेशनचं मशीन देणार आहेत. ताईंची नेमणूक पुढच्या महिन्यात संपते आहे, ती वाढवायची आहे ना? मग आज डोकं थंड ठेवा.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. सकाळी आभाराचं भाषण त्यांनीच केलं होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द आता त्यांना बोचत होता. त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, ही खेळणी तुम्ही मुलांना दिलीत ना?”

साहेब हसले. “म्हणजे काय, दिलीच की. आत्ताच नाही का फोटो काढला?”

“मग झालं तर.” ताई मुलांकडे वळल्या. “उघडा रे सगळ्यांनी. कागद फाडा.”

कोणीच हललं नाही. मुलं आईबापांकडे बघत राहिली, आईबाप डॉक्टरांकडे. तेव्हा ताईंनीच एका खोक्याचा कागद टराटरा फाडला आणि आतले मणी पांघरुणावर ओतले. मग मात्र दुसरा कागद फाटला, तिसरा फाटला. कोणी दातांनी फाडला, कोणी कोपराने. एक नट गडगडत खाटेखाली गेला आणि त्याच्यामागे एक पोर. कंपनीच्या बाई पुढे सरसावल्या, तर मानेला पट्ट्या असलेल्या मुलाचे वडील, जे सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते, खाटेसमोर आडवे आले.

शेवटी चिमणीचं खोकं तेवढं राहिलं. फितीची गाठ घट्ट होती. निदान हे एक तरी धड राहू द्या, दुसरीकडे काहीतरी दाखवायला हवं, असं कंपनीच्या बाईंचं म्हणणं पडलं. चिमणीची आई गाठ सोडायला वाकली. ताईंनी तिचा हात धरला आणि मान हलवली.

खोकं सरकत होतं, ते धरून ठेवायला डावा हात लागत होता. चिमणीने एकदा ताईंकडे पाहिलं, मग उजवा हात पांघरुणाखालून काढला. ताणलेली कातडी पांढरी पडली. बोट फितीवरून घसरलं. पुन्हा घसरलं. तिचे डोळे भरून आले, पण हात मागे गेला नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि चला म्हणून ते निघाले.

ताई त्यांच्या आधी दाराशी पोचल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. तिकडे चिमणीचा अंगठा आणि बोट सात आठवड्यांत पहिल्यांदा एकमेकांना टेकले, आणि मध्ये फितीचं टोक होतं.

“बसा साहेब,” ताई म्हणाल्या. “तिला वेळ लागेल.”