खंडूच्या मागावर

धावणाऱ्या माणसाच्या मागावर जायचं तर चालून भागत नाही, हे आवडाबाईला दोन दिवसांत कळलं. पहिल्या दिवशी खंडू वळणावरच दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी तिने पाखाडीच्या पायऱ्या चढून त्याला वरच्या रस्त्यावर गाठायचं ठरवलं, तर ती वर पोचून धापा टाकतेय तोवर नवरा पुढे निघून गेलेला. तिसऱ्या दिवशीही तिने बंदरावरच्या मासळीच्या लिलावाला दांडी मारली आणि शेजारच्या सुजयची रिक्षा सांगितली.

"काकी, जरा पुढं तरी जाऊ दे," सुजय म्हणाला. "पहिल्या गिअरवर चढ चढतोय. गाडी तापेल."

"तापू दे. अंतर ठेव."

नुकतं उजाडलं होतं. पुढे चढावर खंडू धावत होता. वय अठ्ठावन्न, खाकी हाफ पँट, पायात लेकाने टाकून दिलेले बूट. फार जोरात नाही, पण थांबत नव्हता.

खंडू ज्या बोटीवर खलाशी होता ती मालकाने विकल्यापासून तो दोन महिने पडवीत बसून होता. वाढलं तर जेवायचा, हाक मारली तर हूं म्हणायचा. याने एकदा तरी हसावं म्हणून आवडाबाई नवस बोलली होती. आणि आता पंधरा दिवस तो हसत होता. ती पहाटे बंदरावर गेली की हा उठायचा. कोरा चहा, मग गुडघ्यांना खोबरेल. आधी डावा बूट, मग उजवा, नाडीला दोन-दोन गाठी. हे सगळं शेजारच्या दमयंतीने कुंपणावरून पाहून सांगितलेलं. मासळी विकून आवडाबाई घरी यावी तर हा आंघोळ करून, भांग पाडून, तीन भाकऱ्या खाऊन बसलेला. वर गुणगुणणं.

"बत्तीस वर्षांत या माणसाने कधी आरशात बघितलं नाय," ती म्हणाली.

वळणावरच्या कौलारू घरापुढे हिरव्या लुगड्यातली एक बाई अंगण झाडत होती. खंडूने तिला हात केला. तिनेही झाडू वर करून हात केला.

"थांबव!" आवडाबाई ओरडली.

पण खंडू थांबला नव्हता. पुढे त्याने दुधाच्या गाडीला हात केला. मग दगडी गडग्यावर बसलेल्या कुत्र्याला. मग रस्त्याकडेला किलोमीटरचा दगड होता, त्यालाही.

"चालव," ती म्हणाली. तिचा संशय उलट वाढलाच. बाई नाही, दारूचा वास नाही, मग माणूस एवढा खूश कशाने?

वर सड्यावर रस्ता सपाट झाला. तिथे खंडू डांबर सोडून उघड्या कातळावर शिरला आणि दोन्ही हात पसरून गोल गोल धावू लागला. जाळं ओढताना खलाशी एकमेकांना साद घालतात तशी त्याने मोठ्याने साद घातली. "होय् होय्!"

आवडाबाई रिक्षातून उतरली. ही साद कुणाला? करवंदीच्या जाळीमागे तिने डोकावून पाहिलं. पडक्या टाकीला वळसा घालून आली. कोणी नव्हतं. मग ती कमरेवर हात ठेवून खंडूच्या वाटेतच उभी राहिली.

तिला पाहून तो थांबला. घामाने निथळत होता.

"कोण हाय ती?"

"कोण?"

"जिच्यापायी भांग पाडता ती!"

त्याला हसायचं होतं, पण दम पुरेना. ओणवा होऊन, गुडघ्यांवर हात टेकून त्याने श्वास घेतला.

"आवडे, बोटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बारा पावलं. बारा झाली की पाणी. जन्म गेला त्यात. पडवीतनं उठलो तरी तेवढंच चालायचो मी. एक दिवस उठलो आणि रस्त्याला लागलो, तर रस्ता संपेचना."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"लई दिवसांनी बरं वाटत होतं. कुणाला सांगितलं तर जाईल, अशी भीती वाटली."

आवडाबाईला एवढ्याने पटण्यासारखं नव्हतं. तिने त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. खोटं बोलताना तो नाक चोळायचा, आता हात गुडघ्यांवरच होते. त्याचं खरं आहे हे कळलं तशी ती जास्तच चिडली.

"तुम्हाला रस्त्याचं नवल!" ती म्हणाली. "मी हाच चढ तीस वर्षं चढत्येय, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन. दारोदार. मला नाय कधी ओरडावंसं वाटलं."

खंडू तिच्याकडे बघत राहिला. हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"आज पाटी नाय," तो हळूच म्हणाला.

कातळावरून वारा येत होता. खाली लांब समुद्र नुकता चमकायला लागला होता. तिने मागे वळून सुजयला हात केला, "तू जा रे! आम्ही येतो चालत." रिक्षा वळली, उतरणीला लागली.

"तिकडं तोंड करा," ती खंडूला म्हणाली.

"कशाला?"

"करा सांगत्ये ना. आणि मागं बघायचं नाय."

खंडू समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. रिक्षा खरंच वळणाआड गेली की नाही, ते तिने टाचा उंचावून पाहिलं. करवंदीच्या जाळीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग वाकून, खंडू चोरून बघत तर नाही ना, तेही पाहून घेतलं. आणि चपला काढून पदर कमरेला घट्ट खोचला, दोन्ही हात पसरले.