नंबर म्हणजे नंबर

“उठा! एफ-सात, एफ-आठ आमच्या आहेत.” सबनीसांनी तिकिटं त्या तरुण जोडप्यापुढे नाचवली. मागे सबनीसबाई पॉपकॉर्न सांभाळत उभ्या होत्या.

“काका, अख्खं थिएटर रिकामं आहे. बसा ना कुठेही!”

“कुठेही का? नंबर म्हणजे नंबर!”

हा हट्ट जुना होता. लग्नानंतरच्या पहिल्याच सिनेमाला खुर्च्यांना नंबर नव्हते. लोकांनी रुमाल टाकून जागा अडवल्या आणि या दोघांना दोन टोकांना बसावं लागलं. तेव्हापासून रुमालवाल्यांवर सबनीसांचा राग होता.

जोडपं कुरकुरत मागच्या रांगेत गेलं. सबनीस ऐटीत टेकले. एवढ्यात एक ताडमाड गृहस्थ येऊन नेमके त्यांच्यापुढे बसले. पडदा दिसेनासा झाला.

“अहो, जरा सरकता का? सगळं रिकामंच तर आहे.”

“छे हो! मघाशी दारातून ऐकलं तुमचं, अगदी पटलं. माझी ई-सात.”

सबनीसबाई उठल्या आणि पॉपकॉर्न घेऊन त्या जोडप्याशेजारी जाऊन बसल्या. सबनीसांनी वळून पाहिलं. बाईंनी पलीकडच्या खुर्चीवर आपला रुमाल टाकला होता.

“या,” त्या म्हणाल्या, “तुमची जागा धरलीय.”