सावकाश

घाटाच्या सातव्या वळणावर जीप कठडा तोडून दरीत गेली होती आणि खालून एका बाईचा आवाज येत होता. गावातली माणसं धावत आली. त्यांनी दिगंबर ढेबेच्या कमरेला दोर बांधला, कारण गेली अकरा वर्षं या दरीत पहिला तोच उतरायचा.

दिगंबर कठड्याशी गेला, खाली पाहिलं आणि मागे सरला.

"आबा," तो वडिलांना म्हणाला, "एवढं खोल होतं का हे आधीपासनं?"

याच वळणावर दिगंबर हात सोडून मोटारसायकल पळवायचा. आबा रोज दारातून "सावकाश जा रे" म्हणायचे आणि तो हसत निघून जायचा. तिसऱ्यांदा पकडला गेला तेव्हा लायसन परत मिळवायला लस घेणं भाग होतं. वेगाचं वेड तेवढं जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. दिगंबर नको म्हणत होता. आबांनीच त्याला शपथ घातली. त्यानंतर तो वळणावळणाला हॉर्न वाजवत चालवू लागला आणि आबांना झोप लागू लागली.

आबांनी बाकीच्या पोरांकडे पाहिलं. त्यांनीही लस घेतलेली होती. सगळे कठड्यापासून लांब उभे होते.

खालचा आवाज बारीक होत चालला. आबांनी मुलाच्या कमरेचा दोर सोडला आणि स्वतःच्या कमरेला बांधला. साठी उलटलेल्या त्या माणसाला गच्चीवरसुद्धा चक्कर यायची.

दिगंबरने दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आबा," तो म्हणाला, "सावकाश जावा."