नळाची चिंधी

माझ्या शिलाईतून उरलेल्या पांढऱ्या चिंध्या गल्लीतल्या बायका दर सोमवारी नळाच्या तोंडाला बांधायच्या आणि पाणी येऊन गेलं की मला आणून द्यायच्या. घर नंबर, तारीख घालून मी त्या वहीत चिकटवायचे. वरच्या कारखान्याचं सांडपाणी आमच्या पाण्याच्या टाकीपाशी झिरपायला लागलं, तशा चिंध्या आधी पिवळ्या आणि मग विटकरी निघू लागल्या.

वही घेऊन मी पालिकेत तक्रार केली, तेव्हा पाणी तपासणाऱ्या साहेबांनी भर बैठकीत ती दोन बोटांत धरून वर केली. "बाई, याला संशोधन नाही, भंगार म्हणतात." सगळे खो खो हसले. साहेबांनी पाण्याच्या अहवालावर 'पिण्यास योग्य' असा शिक्का मारला. त्याच वर्षी माझ्या जावेच्या दोन्ही किडन्या गेल्या.

काल भर दुपारी तेच साहेब माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे. त्यांची लेक गल्लीच्या टोकाच्या नव्या इमारतीत राहायला आलीय, तिला सातवा महिना लागलाय. इकडेतिकडे बघत त्यांनी खिशातून एक ओली, विटकरी चिंधी काढली. "ताई, लेकीच्या नळाला बांधली होती. जरा तुमच्या वहीशी ताडून सांगता का, कितपत वाईट आहे? फक्त कुणाला कळू देऊ नका."

बाईची ताई झाले होते मी.

मी चिंधी घेतली, कोऱ्या पानावर चिकटवली, घर नंबर घातला, तारीख घातली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"सांगते ना. आधी खाली सही करा साहेब, हुद्द्यासकट."